दुपारी १ ते ४ बंद राहील

सोमवार, ३ फेब्रुवारी

ही डायरी श्यामसुंदर सरांनी दिली. शुक्रवारी त्यांचा निरोपसमारंभ झाला. समारंभ म्हणजे आमोदने समोसे मागवले आणि आम्ही चौघांनी उभ्या उभ्या खाल्ले. आमोद आमच्या कर्वेनगरच्या छोट्याशा कंपनीचा मालक. दुसऱ्यांचे सर्व्हर उभे करायचे आणि सांभाळायचे हा आमचा धंदा, आणि अकरा वर्षं हे सगळं सरांच्या जिवावर चाललं होतं. निघताना सरांनी पिशवीतून डायरी काढली, माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "रोज लिहीत जा. डोक्यावर विश्वास ठेवू नये."

बाकी कुणाला काही दिलं नाही. मला का दिलं, देव जाणे. जानेवारीची पानं ब्लेडने व्यवस्थित कापून घेतली आहेत. वापरलेली डायरी भेट द्यायची आणि वापरलेला महिना परत घ्यायचा, याला पेठेतली काटकसर म्हणतात.

दोन वर्षं मी त्यांच्या समोरच्या टेबलावर बसले. डिसेंबरात एकदा मान वर करून म्हणाले, "आपलं नाव काय म्हणालात?" सगळे हसले, मीही हसले. जानेवारीत परत तेच. तेव्हा मात्र पँट्रीत जाऊन रडले. विश्रांतवाडीहून स्कूटीवर येणारी, घरी 'हाय-न्हाय' बोलणारी मुलगी कसब्यातल्या माणसाच्या लक्षात कशाला राहील?

आजपासून त्यांचं सगळं काम माझ्याकडे आलं. भीती वाटते. आईला सांगितलं तर म्हणाली, "भ्यायला काय झालं गं? खुर्चीतच बसायचं हाय ना?"

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

सरांची स्क्रिप्ट वाचली. नवं यंत्र आणलं, किंवा जुनं पुसून पुन्हा उभं केलं, की ही एक फाइल चालवायची. मग ती एकेक ओळ करत सगळं बसवते. कुठला प्रोग्रॅम, कुठली फाइल कुठे, कुठलं काम किती वाजता. अकराशे ओळी! आणि मध्ये मध्ये, यंत्र जे वाचत नाही आणि माणसानेच वाचायचं असतं त्या जागी, सरांच्या पाट्या.

# यापुढे विचार करून जावे. विचार सुचत नसल्यास जाऊ नये.

# पासवर्ड इथे मिळणार नाही. घरीही मिळणार नाही.

# हे एकदाच चालवावे. आधी चालवले आहे का ते बघावे. परत बघावे.

मी मोठ्याने वाचत होते आणि आमोद टेबलावर हात आपटून हसत होता. म्हणाला, "फ्रेम करून लाव गं भिंतीवर. पण काम झाल्यावर साफ कर ही भानगड." मला पसारा सहन होत नाहीच. घरी मसाल्याचे डबेसुद्धा मीच ओळीने लावते.

सोमवार, १० फेब्रुवारी

अकराशेच्या तीनशे चाळीस ओळी केल्या. लिहून ठेवते, कारण असं समाधान रोज मिळत नाही.

आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक म्हणजे थॅलेसेमियाच्या मुलांचं केंद्र. तीनशे बारा मुलं. दर दोन-तीन आठवड्यांनी येतात, रक्त चढवून घेतात आणि जातात. त्यांची सगळी माहिती केंद्रातल्याच एका कपाटातल्या सर्व्हरवर असते. ही माहिती रोज दुपारी आपोआप बाजूच्या छोट्या डिस्कवर कॉपी होते आणि तीस दिवस राहते. तिथल्या नीरजाताईंची कित्येक वर्षांची एकच तक्रार, की तुमची सिस्टिम जेवणानंतर झोपते. आज कारण सापडलं. ओळ ६१२ :

# दुपारी १ ते ४ बंद राहील. कारण विचारू नये.

खाली दोन ओळी होत्या. एक वाजता सिस्टिम बंद करा, चार वाजता चालू करा. मी अक्षरशः खुर्चीतून पडायची बाकी होते. माणसाने सर्व्हरलाही वामकुक्षी दिली! पुण्यातल्या दुकानांवरचा विनोद चक्क चालवून दाखवला, आणि इतकी वर्षं कुणी विचारलं नाही.

पाटी काढली, खालच्या दोन्ही ओळी काढल्या. केंद्रावर जाऊन यंत्र नव्याने बसवलं. एक वाजला, दोन वाजले, सिस्टिम चालू. नीरजाताईंनी मला त्यांच्या डब्यातली गुळपोळी दिली. आमोदने ग्रुपवर तीन टाळ्या टाकल्या. सरांनी नाव विचारल्याचं आज पहिल्यांदा काही वाटलं नाही.

गुरुवार, २० फेब्रुवारी

केंद्रावर प्रिंटर बघायला गेले होते. आठ वर्षांची मुक्ताई पलंगावर पाय हलवत बसली होती, हाताला रक्ताची नळी. तिचे आजोबा ज्ञानदेव शेजारी. त्यांनी मला विचारलं, "पोरीचं समदं त्या कंप्युटरात हाय ना?" मी हो म्हटलं.

नीरजाताईंनी नंतर समजावलं. इतकं रक्त चढवल्यावर काही मुलांना ठरावीक प्रकारचं रक्त सोसेनासं होतं. मुक्ताईला दोन प्रकार चालत नाहीत. "आज तपासलं तर दिसणारही नाही. शरीर विसरल्यासारखं करतं. पण तेच रक्त चुकून परत गेलं, की एकदम आठवतं. मग काही खरं नाही. म्हणून जुनी नोंद बघितल्याशिवाय मी पिशवी लावत नाही."

"नोंद कुठे असते?"

"अहो, कुठे म्हणजे? तुमच्या कपाटात. वह्या पाच वर्षांपूर्वीच बंद केल्या आम्ही, तुमच्या भरवशावर."

चेष्टेत म्हणाल्या.

मंगळवार, १८ मार्च

महिनाभर लिहिलं नाही, लिहिण्यासारखं काही नव्हतं. आज आहे.

सकाळी केंद्राचा सर्व्हर दहा मिनिटं गोठला. मग आपणहून चालू झाला. यंत्राच्या नोंदी बघितल्या तर डिस्क वाचताना चुका, काल दोन, आज एकोणीस. सात वर्षांची डिस्क आहे, जाणारच. आमोदला सांगितलं. नवी डिस्क शुक्रवारपर्यंत येईल म्हणाला. मग फोनमधून मान वर न करता विचारलं, "कॉपी आहे ना रोजची? उघडून बघितलीस ना?"

मी म्हटलं, "आहे."

उघडून बघितली नव्हती. कॉपी रोज तयार झाल्याचा हिरवा टिक येतो, तेवढाच मी बघत होते. घरी येईपर्यंत तो एक शब्द डोक्यातून जाईना. उद्या बघेन.

बुधवार, १९ मार्च

उघडत नाही.

कालची उघडत नाही. परवाची नाही. तीसही दिवसांच्या एकामागून एक उघडून बघितल्या. फाइल आहे, आकार बरोबर आहे, हिरवा टिक आहे आणि आत काही धड नाही.

कारण समजायला दोन तास लागले. कॉपी होत असताना सिस्टिम चालू असेल, तर कॉपीत अर्धं आधीचं आणि अर्धं नंतरचं येतं आणि मग ते जुळत नाही. म्हणजे कॉपी करताना सिस्टिम बंदच असावी लागते. एक ते चार.

मी ओळी काढल्या १० फेब्रुवारीला. आज सदतीस दिवस झाले. तीस दिवसांपलीकडच्या कॉपी आपोआप पुसल्या जातात. म्हणजे शेवटची धड कॉपीसुद्धा मीच घालवली.

आता तीनशे बारा मुलांच्या नोंदी जगात एकाच ठिकाणी आहेत, त्या मरायला टेकलेल्या डिस्कवर. हे फक्त मला माहीत आहे.

गुरुवार, २० मार्च

चुका एकशे चार.

गुपचूप करून टाकावं म्हणून एक वाजता ऑफिसमधूनच केंद्राची सिस्टिम बंद केली. संथ झालेल्या डिस्कवरून कॉपी व्हायला अडीच तास तरी लागणार. सहाव्या मिनिटाला नीरजाताईंचा फोन. "अहो, बंद का पडलं? दोन मुलं बसलीत, पिशवी लावायचीय." मी चालू केलं. म्हटलं, जरासं अपडेट होतं ताई. आता ही दुपारची मुलं माझ्यामुळेच येतात. पूर्वी एक ते चार नवं कुणी येतच नव्हतं.

रात्री करावं तर वॉचमन सात वाजता सगळ्या केंद्राचा मेन स्विच पाडून जातो. रात्री चालू ठेवा म्हणावं तर का ते सांगावं लागेल. जिकडे बघावं तिकडे मला तोंड उघडावं लागतंय, आणि तोंड उघडत नाही.

शुक्रवार, २१ मार्च

दोनशे साठ. नवी डिस्क आली नाही, सोमवारी येईल.

ऑफिसात कुणाचाही फोन वाजला की मान वळवून बघते, केंद्राचा नाही ना. जेवण जात नाही. आई म्हणाली, "कुणी काय बोललं का तुला? सांग, जाते मी त्या मालकाकडं." मी हसले आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला.

आमोदला सांगायला तीनदा त्याच्या केबिनपर्यंत गेले. तिसऱ्यांदा त्याने विचारलं, "काय गं?" मी म्हटलं, "स्टेपलर आहे का?"

एकच आशा आहे. सर इतके नेमके, त्यांनी आणखी कुठेतरी एखादी कॉपी ठेवली असेल. त्यांच्यापुढे उभं राहायचं म्हणजे शिक्षाच आहे. तरी रविवारी जाते.

रविवार, २३ मार्च

स्कूटी लांब लावून तांबट आळीतून चालत गेले. नवी इमारत, तिसरा मजला. दारावर पाटी : बेल एकदाच वाजवावी. दार उघडेल.

हेमाकाकूंनी दार उघडलं. आत बघते तर घरभर पाट्या! दाराच्या आतल्या बाजूला 'किल्ली घेतली का? बघावे. परत बघावे.' गॅसपाशी 'बंद केला का?' कपाटांवर 'शर्ट', 'औषधे', 'कपबश्या'. भीतीने जीव गेला होता तरी मला हसू आलं. हा माणूस घरातही सोडत नाही.

सर खुर्चीत बसले होते. इस्त्रीचा शर्ट, कॉलरपर्यंत बटणं. माझ्याकडे बघून म्हणाले, "आपण?"

"सर, मी."

"ते दिसतंच आहे. मी म्हणजे कोण?"

"निशा, सर. ऑफिसमधली."

"बसा. चहा घेऊनच आला असाल."

काकूंनी तरीही चहा आणला. मी प्यायले, कप खाली ठेवला. सरांनी कपाकडे बघितलं आणि विचारलं, "चहा घेतलात का?" मी मान खाली घातली. पाट्यांची चेष्टा केल्याचं आमोदने त्यांना कळवलं असणार, त्याशिवाय इतका आकस नसतो.

शेवटी विचारलंच. "सर, केंद्राची आणखी एखादी कॉपी तुम्ही दुसरीकडे ठेवली होती का?"

"ठेवली असणार."

"कुठे?"

"लिहून ठेवलंय."

"कुठे लिहून ठेवलंय, सर?"

त्यांनी स्वतःचे तळहात उलटून बघितले. मग म्हणाले, "जिथे लिहून ठेवलंय तिथे." काकू आत निघून गेल्या. मला रडू यायला लागलं. काहीतरी बोलायचं म्हणून मी ओळ ६१२ म्हटली. दुपारी एक ते चार बंद राहील.

"कारण विचारू नये," सर लगेच म्हणाले. आवाजच बदलला. "आधी सिस्टिम बंद करायची. पंधरा मिनिटं थांबायचं, कारण शेवटच्या नोंदी मागून उतरतात. मग कॉपी. चालू असताना घेतली तर अर्धी आधीची, अर्धी नंतरची, उघडत नाही. रात्री होत नाही, वॉचमन स्विच पाडतो. दुपारी सकाळी आलेल्या मुलांना रक्त चढत असतं, नव्या नोंदी नसतात. म्हणून एक ते चार." एका दमात, एकदाही न अडखळता.

"मग कारण लिहिलं का नाहीत?"

"कारण लिहिलं की लोक कारणाशी वाद घालतात." मग माझ्याकडे वळून, "कुणी काढली का ती ओळ?"

मी म्हटलं, "मी काढली, सर."

ते अगदी शांतपणे म्हणाले, "आपण कोण?"

याच्याहून मोठी शिवी मला आजवर कुणी दिलेली नाही. मी चपला हातात घेऊनच जिन्यात आले. काकू मागून आल्या. माझा हात धरून म्हणाल्या, "मनावर घेऊ नकोस गं. आणि ह्यांनी लिहिलेलं खरं धरत जा. पस्तीस वर्षांत ह्यांनी एकही विनोद केलेला नाही." मग म्हणाल्या, "पुढच्या वेळी आधी फोन कर. तू येणार आहेस असं ह्यांना सांगून ठेवते." इतका राग, की मी येणार म्हणून त्यांची आधी समजूत घालावी लागते.

दुसरी कॉपी नाही. असली तरी मिळणार नाही. उद्या सांगायचं.

सोमवार, २४ मार्च

सकाळी साडेनऊला आमोदला सांगितलं. उभ्यानेच सांगितलं, कारण बसले असते तर उठून गेले असते. ओळ काढली, कॉपी सगळ्या वाया गेल्या, डिस्क आज जाईल की उद्या ते माहीत नाही.

तो ओरडला नाही. चष्मा काढला, टेबलावर ठेवला. म्हणाला, "ओळ काढलीस ते समजू शकतो. मीही हसलो होतो. पण तू मला 'आहे' म्हणालीस, निशा." नवी डिस्क घेऊन दोघे केंद्रावर गेलो.

नीरजाताईंना मीच सांगितलं. त्यांनी माझ्याकडे नाही, आत पलंगांवर झोपलेल्या मुलांकडे बघितलं. मग विचारलं, "किती वेळ बंद ठेवायचं?"

"तीन तास. एक ते चार."

त्या टेबलाशी बसल्या, कोऱ्या कागदावर स्केचपेनने 'दुपारी १ ते ४ बंद राहील' लिहिलं आणि काचेवर चिकटवलं. खणातून एक नवी वही काढली आणि सकाळपासूनच्या नोंदी हाताने लिहायला लागल्या.

एक वाजता सिस्टिम बंद केली. सरांनी सांगितली तशी पंधरा मिनिटं थांबले. सव्वाला कॉपी सुरू. कपाटातून सुपारी कातरल्यासारखा आवाज येत होता. बाहेर बाकावर मुक्ताई आणि ज्ञानदेव आजोबा बसले होते. तिची आजची पिशवी थांबवली होती. आजोबांनी विचारलं, "बाई, पोरीचं हाय ना समदं?" मला पुन्हा तो शब्द म्हणवेना. मी म्हटलं, "माहीत नाही, आजोबा. चार वाजता सांगते." त्यांनी तिच्या पायावरची चादर नीट केली.

दोन चाळीसला आकडा थांबला. शंभरातले एकाहत्तर. एक मिनिट, दोन मिनिटं. आवाजही थांबला. आमोद भिंतीला टेकून उभा होता, त्याचे ओठ हलत होते. मी यंत्राला हात लावला नाही. आयुष्यात इतकं घाबरले नव्हते. माझी नोकरी डोक्यातही नव्हती. मुक्ताईला न चालणारे ते दोन प्रकार कुठले, ते नीरजाताईंनी मला सांगितलेलं आठवत नव्हतं, आणि ते आठवलं असतं तर एक तरी मूल वाचलं असतं असं काहीतरी वेड्यासारखं वाटत होतं. अकरा मिनिटांनी कातरल्याचा आवाज परत आला. बाहत्तर.

तीन बावन्नला संपलं. उघडून बघितली. उघडली. तीनशे बारा. नीरजाताईंनी मुक्ताईचं पान काढायला लावलं, बोट ठेवून वाचलं, आणि बोट तिथेच ठेवून रडल्या. मी बाहेर जाऊन आजोबांना सांगितलं, "आहे."

बुधवार, २६ मार्च

काल सकाळी दहाला, नवी बसवायच्या आधीच, जुनी डिस्क गेली. पुन्हा उठलीच नाही. सोमवारी टाळलं असतं तर काय झालं असतं, ते लिहीत नाही.

नव्या डिस्कवर सगळं उभं केलं. सरांची अकराशे ओळींची स्क्रिप्ट, एकही पाटी न काढता. सोमवारी दुपारनंतरच्या आणि कालच्या नोंदी नीरजाताईंच्या वहीतून चढवल्या. वही आता बंद करणार नाही म्हणाल्या. "भरवसा होता, आता वही आहे." गुळपोळी मिळाली नाही. नोकरी राहिली, पण दर शुक्रवारी आमोदसमोर कॉपी उघडून दाखवायची. तो बघतो, मान हलवतो आणि पूर्वीसारखी थट्टा करत नाही.

ओळ ६१२च्या खाली मी फक्त एक ओळ वाढवली :

# हा विनोद नाही.

शनिवार, २९ मार्च

उद्या पाडवा. नीरजाताईंनी त्यांचा घरचा नंबर दिला, रात्रीबेरात्री काही झालं तर म्हणून. तो लिहायला डायरीच्या शेवटी नंबरांची पानं असतात ती आज पहिल्यांदा उघडली. जानेवारी कापणाऱ्या सरांची ही पानं कापायची राहून गेली. त्यांच्या बारीक, सरळ अक्षरात लिहिलंय :

आमोद – मालक. तरुण. चष्मा. ओरडत नाही.

नीरजाताई – केंद्र. फोनवर मोठ्याने बोलतात. रागावलेल्या नसतात.

घर – तिसरा मजला. दोन जिने चढून थांबू नये.

निशा – समोरचे टेबल. विश्रांतवाडी. हुशार. सगळे हिला द्यावे. नाव परत विचारू नये. दोनदा विचारले. रडली.

ती ओळ परत वाचली. मग काकूंना फोन केला, उद्या येतेय म्हणून सांगून ठेवा. त्या म्हणाल्या, सांगते, पण तू आल्यावर परत विचारतील हं. मी म्हटलं, विचारू देत. मी सांगेन, समोरच्या टेबलावरची.